रकाना

जतच्या अंगाला, माळावर, पत्र्याखाली
हरणी व्याली. सहा पिल्लं.
विसाव्या दिवशी क्लबाचा फॉर्म आला:
बापाचं नाव, आज्याचं नाव, रंग, चिपचा नंबर.

आमसिद्धमामा चष्मा पुसतो, सांगत जातो.
बाप, उमदीच्या लवट्यांचा काळ्या.
आजा, मेंढरांमागं विजापूरपर्यंत गेलेला.
पणजा नुसताच 'तो', लांडग्याच्या वेळचा.
मी लिहितो. रकाना मध्येच संपतो.

गिऱ्हाईक विचारतं, क्वालिटी कशी ओळखायची?
मामा पिल्लू तळव्यावर घेतो,
छाती चाचपतो, दोन बोटांनी,
शेपूट मागच्या घोट्यापर्यंत ओढून बघतो,
मग गोणपाटावर ठेवतो, हरणीपासून चार हात लांब.
ओरडलं तर ओरडू दे.
वास काढत कोण कसं परततं, ते बघायचं.

पाच आली, धडपडत, आचळाला लागली.
सहावी उलटीच निघाली.
पत्र्याच्या फटीशी जाऊन बसली,
वाऱ्याकडं नाक करून.

"हिची किंमत?"

मामानं उत्तर दिलं नाही.
मला म्हणाला,
"हिचं नाव ध्यानात ठेव.
पुढच्या फॉर्मात लागंल,
आईच्या रकान्यात."