साडेतीन लिटर

मगदूम मॅडम गाडीतून उतरताना
डावा पाय आधी बाहेर ठेवतात,
दोन्ही हातांनी उचलून, सामान ठेवावं तसा.
म्हणून तर ही बिनक्लचची गाडी.

"महिना झाला तेल बदलून. तुम्हीच घातलंत.
लालभडक होतं. आज पट्टी ओढून बघितली."
आणि पर्समधून काढली झाकणाची नळी,
तिच्यावर चिकटपट्टी,
पट्टीवर तारीख, वेळ, किलोमीटर सातशे चाळीस.
मिरजेत तीस वर्षं लोकांचं रक्त तपासणारी बाई.

मी नळी उजेडात धरली.
कोरा चहा, तोही दुसऱ्यांदा उकळलेला.
यल्लाप्पा मागनं म्हणाला, "गेला गिअरबॉक्स."
त्याला पाने मोजायला धाडलं.

दस्तगीर चाचा रंगाला मानायचे नाहीत.
"रंग सांगलीत जाऊन हळदीला विचार,
तेलाला वास विचार."
बोटावर घेतलं, नाकाशी नेलं.
करपलेलं असतं तर
आंबा घाट ब्रेकवर उतरलेल्या ट्रकसारखं आलं असतं,
घशात बसलं असतं, रात्री जेवताना आठवलं असतं.
हे नुसतं जुनं होतं.
चिमटीत चोळलं. कचकच नाही.

"पाणी शिरलंय का?"
"शिरलं तर रोझ मिल्क होतं, मॅडम.
कवलापूरच्या एका गाडीत बघितलंय,
इतकं देखणं गुलाबी
की मालकाला सांगवेना."

टिपकागद त्यांच्याचकडे निघाला.
तीन थेंब टाकले, बाकावर ठेवला,
वर पंखा बंद केला.
चहा आला, गार झाला.
थेंब पसरत गेले, ओलं पाऊल फरशीवर पसरतं तसे.

माझ्याआधी त्यांनीच वाचलं.
"मध्ये काळं नाही. कडेला अजून लाली आहे.
आमच्याकडे सुई नीट नाही लागली
की पेशी फुटतात, नमुना भलताच रंगतो.
अशा वेळी दोष पेशंटचा नसतो."

मग मला बोलावंच लागलं.
खालचा बोल्ट काढला की गळतं साडेतीन लिटर.
आत मावतं साडेसात.
बाकीचं चार कन्व्हर्टरच्या पोटात,
कूलरच्या नळ्यांत बसून राहतं,
वर ताजं आलं की त्याच्यात मिसळतं.
हे मला महिन्यापूर्वीही माहीत होतं.
बिलावर मी लिहिलं होतं, तेल बदलले.
पूर्ण, असं लिहिलं नव्हतं.
अर्धं, असंही नाही.

त्या काही बोलल्या नाहीत.
नळीचं झाकण घट्ट करत राहिल्या,
ते आधीच घट्ट होतं.
मग म्हणाल्या,
"नमुना अपुरा, असा आमच्याकडे शिक्का आहे."

दंडोबाच्या चढाला घेऊन गेलो.
दुसरा, तिसरा, चौथा, कुठं धक्का नाही.
परत येऊन पॅन खाली घेतला.
चुंबकावर राखाडी लेप, काजळीएवढा.
किस नाही, चुरा नाही.
यल्लाप्पाला बोलावून दाखवलं,
तो म्हणाला, "मग काळं कशानं?"
म्हटलं, "माझ्यानं."

पुन्हा साडेतीन लिटर.
हजार किलोमीटरनं आणखी एकदा.
मॅडमनी टिपकागदाच्या पाठीवर हिशेब मांडला,
अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं,
पेन मध्येच थांबलं.
"म्हणजे जुनं कधी संपणारच नाही?"
"न्हाई. पण गाडी पळते की."

मजुरी लावली नव्हती, त्यांनी ती मोजून ठेवली.
जाताना नवी नळी पुढं केली,
"यात आजचं भरा. तारीख टाका."
भरलं. लाल, पण आत कुठंतरी चहा.
तारीख टाकली, किलोमीटर टाकले.
"आणि नाव."
"गाडीचं?"
"नमुना ज्यानं काढला त्याचं."

अंगठा पँटला दोनदा पुसला,
चिकटपट्टीवर जागा थोडीच होती,
बिरुदेव कोळेकर, एवढंच मावलं.