दोन बोटं

शर्यतीचा इतिहास कुणी लिहून ठेवला असेल तर असो.
माझ्याकडे आहे तो डांबरावरचा,
रंगावर रंग.

पहिल्या वर्षी सालेम इंजिनियरने कागद हातात दिला:
पांढरा पट्टा बहात्तर सेंटिमीटर,
मधोमध काळी रेघ, चार.
"चार म्हणजे किती?" सुकुमारनने विचारलं.
सालेमने दोन बोटं जुळवून दाखवली.
स्वर्ग दोन बोटं उरला म्हणतात ना,
ती दोन बोटं
मी रोलरने भरली, जबल अख्दरच्या माथ्यावर,
फेब्रुवारीत, पहाटे, हात गारठलेले.

खाली बिरकत अल मौजच्या चौकीवर पोलीस
साध्या गाडीला परत पाठवतात.
वर जायचं तर चारही चाकांत जोर हवा.
त्या दिवशी आडवा दांडा वर झाला
आणि दोन-दोन चाकांवरची पोरं गेली,
केळीच्या बागा मागे टाकून, फलजचं पाणी मागे टाकून,
बरगड्या मोजाव्यात अशी.
गुल जमीर म्हणाला,
"यांना घरी कुणी जेवायला घालत नाही काय?"

दुसऱ्या वर्षी वारा.
सपाटीवर, इझकीच्या अलीकडे, वाळूसकट आडवा.
अख्खा थवा तिरपा झाला, बगळ्यांच्या ओळीसारखा,
जो तो दुसऱ्याच्या आडोशाला.
ज्याचा आडोसा सुटला
तो मैलभर मागे,
आणि मग त्याला कुणी विचारलं नाही.
हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

तिसऱ्या वर्षाचं काही आठवत नाही.
त्या वर्षी माझी कावीळ.

चौथ्या वर्षी ऊन इतकं की टायर फुटायला लागले,
उतारावर, फटाक्यांच्या माळेसारखे.
तेव्हा सगळे सायकलवरून उतरले
आणि पुलाखालच्या सावलीत जाऊन बसले.
आज नाही, म्हणाले.
एवढंच.
साहेब आले, मोठे साहेब आले, फोन आले,
पोरं पाय पसरून बसलेली, बुटांतली वाळू झाडत.
आम्ही शंकू गोळा करत होतो, रस्त्यापलीकडे, उन्हात.
रात्री कॅम्पात कुणी विषय काढला नाही.
पण सकाळी पाण्याचं पिंप
सावलीत सरकलेलं होतं.

जिंकले त्यांची नावं भोंग्यावर ऐकली,
राहिली नाहीत.
राहिलाय तो एकशे सत्तेचाळीस नंबर.
कठडे ट्रकात चढले होते, कमान फुस्स करून खाली बसलेली,
मी काळ्या रंगाचा डबा उघडलेला, पट्टा पुसायला,
तेव्हा तो वळणावरून आला.
शेवटून पहिला.
गुडघ्यावर रक्त वाळलेलं, तोंडावर मिठाचा नकाशा.
मला बघून थांबलाच, रेघेच्या अलीकडे,
आणि हाताने विचारलं, हीच का?
मी डबा बाजूला घेतला.
हीच, म्हटलं. मराठीतच म्हटलं.
तो दोन बोटं ओलांडून गेला
आणि घड्याळवाला नव्हता
म्हणून मी माझ्या घड्याळात पाहिलं.
दोन वाजून सव्वीस.

मग एक वर्ष कागद आला नाही.
त्याच्या पुढल्या वर्षीही.
पैसे नव्हते म्हणे, कुणी म्हणे रोग, कुणी म्हणे दुसऱ्या शहराने जास्त बोली लावली.
फेब्रुवारी नुसता आला आणि गेला.
आम्ही शाळेसमोर झेब्रा मारले,
वर काचेचे बारीक मणी शिंपडले,
त्यावरून मुलं रमतगमत गेली.

सहाव्या वर्षी माथ्यावरचा रस्ता खरवडायला मशीन आलं.
खपल्या निघाल्या. एक उचलून कडेने पाहिली:
पांढरा, काळा, पांढरा, काळा,
वेंगुर्ल्याला आई सातकाप्यांचं घावन कापायची तसे कापे.
सात नव्हते, मोजले.

आखातातून लोक सोनं आणतात.
विमानतळावर पिशवी उघडून साहेबाने विचारलं, हे काय?
रस्ता, म्हटलं.
त्याने वास घेतला, परत ठेवला.

आता तो मागच्या दाराला लावतो,
वारा सुटला की.