नऊ पूर्णांक दोन

ऑगस्टच्या वाऱ्याने छपराचा पत्रा उचलला
तेव्हा मी त्याच्यावर दगड ठेवत होते.
मांडीवरून काहीतरी गार फिरलं, एवढंच आठवतं.
आणि शेजारचा एर्मोखेनेस,
ज्याच्याशी पाटाच्या पाण्यावरून
अकरा वर्षं मी बोललेले नाही,
गळ्यातला मफलर काढून माझ्या पायाला आवळत होता.

ओरूरो येईपर्यंत
ट्रकमधलं बटाट्याचं पोतं खालून भिजलं.
डॉक्टर सखल मुलखातला, कोवळा पोरगा.
कागद वाचून म्हणाला, नऊ पूर्णांक दोन. चालेल.
म्हातारी नर्स बासिलिया पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाली,
तुमच्याकडे खाली चालेल.
इथे हवा पातळ. पातळ हवेला दाट रक्त लागतं.

आम्हा बहुतेकांचा गट एकच, ओ.
तरी फ्रिजमध्ये पिशवी एकच होती,
ती बाळंतिणीला गेली.
बरोबरच झालं ते.

टाके निघाले. गाव म्हणालं, बरी झाली निकासिया.
जखमेला तोंड असतं, ती बोलून मोकळी होते.
गेलेलं रक्त कुणाला दाखवू?
विहिरीपासून घर सत्तर पावलं,
मध्ये दोनदा बसते.
कानात कुणीतरी ट्रक चालूच ठेवून गेलंय.
नखं खडूसारखी.
आणि पहाटे, कुणी उठायच्या आत,
लामांच्या कुंडावरचा बर्फ फोडून
कडाकडा चावते, चोरासारखी.
सुनेने पाहिलं. काही बोलली नाही,
फक्त कुंडाजवळ एक वाटी ठेवली.

आयुष्यभर रक्ताचं पाणी केलं, असं सांगत आले सगळ्यांना.
खरं पाणी झाल्यावर कळलं
ते किती मोठ्या तोंडाने सांगत होते.

लोहाची गोळी. सोबत चहा नाही, संत्रं.
संत्रं इथे उगवत नाही.

एका सकाळी बांधावर जस्ताची थाळी:
कांद्यात परतलेलं लामाचं रक्त, अजून कोमट,
वर झाकण, झाकणावर दगड,
वाऱ्याने उडू नये म्हणून.
खाल्लं. थाळी घासली. दगडासकट परत ठेवली.
बोललो नाही.
मफलर माझ्याकडेच आहे. डाग जात नाही.

परवा दहा पूर्णांक एक.
विहिरीपासून घर, मध्ये एकदाच.

या आठवड्यात पाटाची पाळी माझी,
पण फळी वर ओढायचं बळ हातात नाही.
पाणी त्याच्या शेताकडे वळलंय.
सध्या
जाऊ दे.