जवारी

भोपळा हातात आला
की मी आधी टिचकी मारतो.
आत ओल असेल तर तो बोलत नाही,
नुसता हुंकारतो,
पंगतीत जास्त झालेल्या पाहुण्यासारखा.

हे मला चाळीस वर्षं माहीत.
स्वतःच्या पोटावर टिचकी मारायचं मात्र
सत्तावन्नाव्या वर्षी सुचलं,
तेही दुसऱ्यानं सांगितल्यावर.

मिरजेत आमच्या गल्लीमागे शाळा आहे,
तिथं पहाटे साडेपाचला
इंदुताई आरवाडे सतरंज्या अंथरतात.
पहिल्या दिवशी गेलो
ते दोन कप चहा, चार खारी
आणि रात्री उशिरा खाल्लेलं भडंग सोबत घेऊन.
पश्चिमोत्तानासनात वाकलो,
तर कपाळ आणि गुडघे यांच्यामध्ये
अख्खा लक्ष्मी मार्केटचा बाजार भरलेला.
बाई हसल्या नाहीत.
"दस्तगीरभाई, पाठ नाही अडलेली.
कालचं ताट अडलंय."

घरी येऊन जुबेदाला सांगितलं.
ती म्हणाली,
"मी सांगत होते तेव्हा तो टोमणा होता,
बाईंनी सांगितला की योग."

तीस वर्षं रोजे धरले.
भूक मला ठाऊक होती.
थांबणं ठाऊक नव्हतं.

मग जोरात सुटलो.
आठ दिवस काकडी आणि पाणी.
नवव्या दिवशी वृक्षासनात
फळा, खिडकी, बाई, सगळं काळं झालं.
तेव्हा मात्र बाई रागावल्या.
"हा योग नाही, रुसवा आहे.
कुणावर रुसलात?"

उत्तर दिलं नाही. दुकानात आलो,
भीमेकडून आलेला भोपळा मांडीवर घेतला.
हा कडू असतो, भाजीला चालत नाही.
भिजवायचा, तोंड कापायचं,
आतला गर, बिया, जाळं काढायचं.
कमी खरवडला तर आवाज कोंडतो.
फार खरवडला तर भिंत पातळ होते,
आणि तार चढवली की एके रात्री
कुणी हात न लावता तडा जातो.
थोडं ठेवावं लागतं.
किती, ते अब्बांनीही सांगितलं नाही.
हात शिकतो, म्हणायचे.

आता दिवे लागायच्या आत जेवतो.
दीड भाकरी, मटकीची उसळ, ताक.
कृष्णाकाठचं वांगं सोडलेलं नाही,
फक्त ते आता तेलात पोहत नाही.
आसनं झाली की
रात्री भिजवलेले तासगावचे मनुके, अकरा.
जुबेदा मोजते.
मी मोजले तर चौदा होतात.

भाच्याच्या वलीम्याला
बिर्याणी तीनदा घेतली, खोटं कशाला बोलू.
पहाटे तरी गेलो.
सर्वांगासनाला पाय वर केले,
बिर्याणीही मागोमाग वर निघाली.
बाईंनी हळूच खाली घेतलं.
"आज शवासन. संध्याकाळी मुगाचं कढण.
उद्या या."
एवढंच. हिशेब नाही, तोबा नाही.
उद्या या.

परवा एक तंबोरा पुरा झाला.
तारा चढवल्या, मांडीवर घेतला.
पूर्वी पोट मध्ये यायचं,
भोपळा ढकलून दूर धरावा लागायचा.
परवा तो जवळ बसला.
षड्ज छेडला
तर कंप बरगड्यांखाली येऊन थांबला,
तिथं थोडी जागा होती.

घोडीवर तारेखाली धागा सरकवत होतो,
केसभर पुढे, केसभर मागे,
सूर उमलेपर्यंत.
बाहेरून पोऱ्या सलीम ओरडला,
"चाचा, जवारी झाली का?"

मी तोंड उघडायच्या आत
चुलीपाशून जुबेदा म्हणाली,
"झाली, वाढलीये.
दीडच आहे म्हणावं,
आणि गरम आहे तोवर या."