शब्द बदलण्याची सोय

जुन्या बाजारातून रविवारी उचललेले अकरा डबे.
टेम्पोभाडं गोफणे मामांनी खिशातून भरलं,
ते अजून द्यायचं आहे.
अकरातले सात चालतात.
उरलेल्या चारांची रॅम उपटून त्यांच्यात घातली
तेव्हा चालतात.

आधी पडदा फळ्यासारखा काळा व्हायचा,
कोपऱ्यात एक ओळ: ही प्रत अस्सल नाही.
तौसिफने ती मोठ्याने वाचून विचारलं,
बाई, हे आपल्याला म्हणतात का?
त्या रात्री मी पेनड्राइव्हवर दुसरी प्रणाली उतरवली.
फुकटची, असं म्हणणार होते.
पण फुकटचा गणवेश, फुकटची खिचडी,
फुकटचं ऐकून घेणं, पोरांना सवय आहे त्याची.
म्हटलं, मोकळी.

सुरू व्हायला साडेतीन मिनिटं.
तेवढ्यात सतराचा पाढा होतो,
मार्केट यार्डाचा एक कांद्याचा ट्रक
रिव्हर्समध्ये ओरडून जातो.
एका खुर्चीत दोघं, मागे तिघं उभे,
माऊस फिरतो चाटून पुढे दिलेल्या चिंचेसारखा.
गुरुवारी वीज नसते.
गुरुवारी आम्ही कळफलक वहीत काढतो.

परवा करिष्मा अडागळे पडद्यावरचं बोट काढेना.
"बाई, इथे कचरा लिहिलंय."
नको असलेल्या फाइली तिथे टाकतात.
"पण टाकलेलं परत घेता येतं ना?"
येतं.
"मग तो कचरा नाही. कचरा गाडीत जातो.
परत मिळतं ते भंगार.
त्याचे पैसे येतात."
तिची आई पहाटेपासून बिबवेवाडीत
ओला-सुका वेगळा करते.
मी वाद घातला नाही.

"कोणी लिहिलं हे?"
कोणीतरी. रात्री जागून, बिनपगारी.
"खोडता येतं?"

एकोणीस वर्षं नोकरी झाली.
पुस्तकातली छापील चूकसुद्धा
शुद्धिपत्रक येईपर्यंत तशीच शिकवते मी.
येतं, म्हटलं,
आणि माझाच आवाज मला नवखा लागला.

फाइल सापडायला दोन तास गेले.
लांबच लांब यादी, वर त्यांचा शब्द, खाली आपला.
तिने एका बोटाने लिहिलं,
भ वरचा अनुस्वार विसरली,
जागेवर जाऊन परत आली, घातला.

सूचना वरही पाठवली आहे.
उत्तर आलं: विचाराधीन.
करू देत विचार.
गुलटेकडीच्या सात पडद्यांवर मात्र
खालच्या कोपऱ्यात भंगार असतं,
आणि मुलं काहीही टाकण्याआधी
क्षणभर थांबून बघतात,
याचे किती येतील.