तीस मिली

ताल्काउआनोत पहाटे तीनला समुद्र दिसत नाही,
नुसता वास येतो मासळीच्या कारखान्याचा,
आणि त्या वासातून वाट काढत मी भट्टी पेटवायला जातो.
एकतीस वर्षं.
वजन एकशे अठ्ठावन्न. एप्रनची नाडी
पाठीमागे गाठीला पुरत नाही, म्हणून बायकोनं, एडेलमिरानं,
तिला हातभर जोड दिलाय. निळा. पांढरी नाडी घरात नव्हती.

ऑपरेशनआधी पंधरा दिवस फक्त पातळ.
यकृत आकसायला हवं, डॉक्टरीण म्हणाली,
त्याच्या आडून जठरापर्यंत पोचायचं असतं.
म्हणजे दारातलं सामान हलवायचं, मी म्हणालो.
ती म्हणाली, तसंच समजा.

ते पंधरा दिवस मी मार्राकेता भाजत होतो,
चार कप्प्यांचा आमचा कडक पाव,
रोज अठराशे,
आणि एकाही कप्प्याला तोंड लावलं नाही.
पाण्यात पावडर कालवून
कणकेच्या यंत्राशेजारी उभ्या उभ्या प्यायलो.
चौथ्या दिवशी डोकं एवढं ठणकलं
की मीठ दोनदा पडलं.
शाळेच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं,
डॉन निबाल्दो, काल पिठात रडलात काय?

त्याआधी एक मानसोपचारवाला पोरगा भेटला होता.
भूक लागल्यावर खाता का, म्हणाला.
भूक लागेपर्यंत मी कधी थांबलोच नाही.
त्यानं लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून:
मग खाता ते कशावर? म्हणजे, कोणावर?
मी खिडकीबाहेरच्या क्रेनकडे बघत राहिलो.

जाग आली ती खांद्यात.
भोकं पोटाला पाच, आणि दुखतो खांदा!
आत भरलेला वायू वर चढतो म्हणे.
नर्स यास्ना म्हणाली, झोपून जात नाही तो, चाला.
शेजारच्या खाटेवरचा सेलेदोनियो, होडीवाला,
सलाइनची काठी ढकलत पुढे,
मी मागे.
दोघांच्या पायांत पांढरे घट्ट मोजे,
दोघांचे झगे मागून उघडे.
नांगर उचलून निघालोय, तो ओरडला,
आणि टाके ओढले म्हणून भिंतीला धरून हसला.

प्यायला औषधाचा कप. तीस मिली.
पंधरा मिनिटं पुरवायचा.
मी, पातेल्यानं चहा पिणारा माणूस,
पाण्याला चव असते हे तेव्हा शिकलो;
चव नव्हे, वजन. घोट कुठवर गेला ते कळतं.

तिसऱ्या आठवड्यात भोपळ्याचं गाळलेलं सार,
एडेलमिराच्या हातात बाळाचा चमचा.
घाई केली, घास छातीत अडला,
तोंडात फेसच फेस.
तिसऱ्या महिन्यात केस गळायला लागले,
पावात सापडू नयेत म्हणून जाळीची टोपी.
अडतीस किलो गेले. कुठे गेले, विचारू नका,
रात्री कूस बदलताना अजून त्यांच्यासाठी जागा ठेवतो.

मग एका रविवारी रुपेर्तो आला, थोरला,
हातात केकचा खोका. डॉक्टरांनी काय सांगितलंय
हे त्याला ठाऊक होतं.
बाबा दवाखान्यात असताना त्यानं कोपऱ्यावरचं दुकान विकलं.
मला कळलं ते कुलूप बदललेलं बघून.
आई म्हणायची, भाऊ आहे, पोटात घाल.
घातलं. त्यावर पाव घातला, वर लोणी,
एकवीस वर्षं ते खाली दाबून ठेवलं.

आता पाचातले चार भाग कापून नेलेत.
मी म्हणालो, रुपेर्तो, त्या कुलपाचं बोलू या.
त्यानं सुरी ठेवली.
खूप वेळ फक्त फ्रीजचा आवाज.
मग तो म्हणाला, विटा तरी तुला द्यायला हव्या होत्या,
भट्टीच्या.

माफ केलं का, रात्री एडेलमिरानं विचारलं.
तीस मिली, मी म्हणालो.
पंधरा मिनिटांनी बघू.