नोटीस, फ्रिजवर

आर्ब्रोथच्या बंदरामागची गल्ली, सकाळचे साडेसात.
समुद्रावरचं धुकं अजून छपरांवर बसून आहे,
धुरवलेल्या हॅडकचा वास माझ्या कोटाला.
लॅकी डनबारच्या दाराशी ही माझी तिसरी खेप.
मागच्या दोन्ही वेळी बेल वाजली होती.
आज नुसतंच बटण आत जातं.

पहिल्यांदा आले तेव्हा त्यानं चहा दिला.
मी नोटीस मोठ्यानं वाचली, ओळीवर बोट ठेवून:
बाहेर नेताना तोंडाला जाळी.
पट्टा दीड मीटरहून लांब नको.
मानेत चिप. कुंपण दुरुस्त.
"हो बाई, हो," म्हणाला,
आणि फ्रिजवर लावली ती
पिझ्झाच्या मेन्यूशेजारी, शेवंड्याच्या आकाराच्या चुंबकाखाली.
कुत्रं तेव्हा माझ्या बुटावर हनुवटी टेकून झोपलेलं.
नाव बिस्किट.
त्याच्या पोरीनं ठेवलेलं, एल्स्पेथनं.
ती आता आईकडे असते, पर्थला.

दुसऱ्यांदा गेले ते शेजारच्या म्हाताऱ्याच्या मांजरासाठी.
मांजर शू-बॉक्समध्ये होतं, झाकणावर दोरी.
कुंपणाच्या भगदाडाला इस्त्रीचं टेबल आडवं लावलेलं.
"ही दुरुस्ती," लॅकी म्हणाला, आणि हसला.
मी फोटो काढला, तारीख घातली,
फायलीत तो सतरावं पान झाला.
साऱ्या जिल्ह्याला आम्ही दोघी,
आणि एक गाडी, जिचं मागचं दार
तीनदा लाथ घातल्याशिवाय बसत नाही.
सबब म्हणून सांगत नाही हे.
नाही, सबब म्हणूनच सांगते.

मग मंगळवार आला.
टपालवाल्या उना मॅकअलिंडननं दाराच्या फटीतून
विजेचं बिल आत सरकवलं.
दोन बोटं आतच राहिली.

दवाखान्यात तिनं आधी विचारलं, बिल पोचलं का.
मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
"त्याला मारू नका, असं मी म्हणावं
म्हणून आली असशील, तर नाही म्हणणार," म्हणाली.
मी तशासाठी आलेच नव्हते.
पण मग कशासाठी आले होते, तेही आठवेना.

आज बरोबर पोलीस आहे, गिलेस्पी,
फासाचा दांडा घेऊन, हातमोजे कोपरापर्यंत.
दार उघडतं. लॅकीच्या अंगात कालचाच टी-शर्ट.
दांडा लागतच नाही:
बिस्किट स्वतःच येतं, शेपूट हलवत,
माझा बूट ओळखून.

जप्तीच्या अर्जात कुत्र्याला अर्धं पान आहे:
रंग, वजन, दात, जुन्या जखमा, कानांची ठेवण.
मालकाला दीड ओळ. नाव. पत्ता.
कोर्ट त्याला दंड करेल, तोही हप्त्यांनी,
आणि पाच वर्षं कुत्रं पाळू नको म्हणेल.
सुई मात्र एकालाच.
वड्याचं तेल वांग्यावर, कळतं मला.
पण या वांग्याला दात आहेत,
आणि उनाला उजव्या हाताची तीनच बोटं.

सही घ्यायला स्वयंपाकघरात जाते.
नोटीस अजून तिथेच, चहाच्या डागांसकट.
समासात पेननं एक फोन नंबर,
खाली लिहिलंय: पिल्लू, नर, चारशे पौंड,
शनिवारी बघायला बोलावलंय.
लॅकी माझ्या नजरेमागोमाग बघतो.
"ते आधीचं आहे," म्हणतो.
शाई अजून बोटाला लागते.

मी चुंबक काढते, कागद पुराव्याच्या पिशवीत घालते.
फ्रिजवर तेवढाच चौकोन स्वच्छ उरतो.
"आता मी काय करू?" तो विचारतो.
खरंच विचारतो; डोळे लाल.
माझ्याकडे त्यासाठी फॉर्म नाही.

बिस्किट गाडीत उडी मारून बसतं,
कुठे फिरायला चाललोय असं वाटून.
मी पाय उचलते.
दार आज पहिल्याच लाथेत बसतं.